गादीपासून फाटकापर्यंत

जळगावात गनीशेठच्या जिनात, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, संध्याकाळची घंटा झाली की चाळीस बाया बाहेर पडत. एकोणचाळीस जणी तडक घरची वाट धरत. चाळिसावी, पिंप्राळ्याची धुरपदाबाई, फाटकापाशी थांबे. समोर पन्नास पावलांवर शेठची गादी. तिकडे तोंड करून ती कमरेला खोचलेला पदर सोडी, दोन्ही टोकं धरी आणि फडाफडा झाडी. एकदा, दोनदा, तीनदा. थोडी धूळ पडे, कापसाचे दोन-चार तंतू उडत. मग पदर पुन्हा खोचून ती चालू लागे.

असं कर म्हणून तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. फाटकावरची झडती एका दिवसापुरती झाली होती आणि त्याच दिवशी संपली होती. पण ही बाई पाच महिने रोज पदर झाडत होती, आणि पाच महिने रोज नेमक्या त्याच वेळी गनीशेठला चोपडीत काहीतरी फार महत्त्वाचं सापडत होतं. मुनीमसुद्धा दौतीत डोकं घालून बसे.

गनीशेठ वाईट माणूस होता का? त्याला विचारलं तर छे, मुळीच नाही! गादीच्या वर धुळ्याच्या पेंटरकडून रंगवून आणलेली निळी पाटी होती. उर्दूत, मराठीत आणि गुजरातीत पैगंबरांचं एक वचन: मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्या. आणि शेठ देई, हे कबूल करायला हवं. शनिवारी सूर्य मावळायच्या आत मजुरी हातावर, एक आणा कमी नाही. सरकारी इन्स्पेक्टर आला की त्याला आधी चहा आणि मग पाटी. एका वाक्याच्या जोरावर माणूस किती वर्षं भला म्हणून मिरवतो, ते त्या गादीवर बसून छान दिसायचं.

झालं होतं ते असं. अठ्ठावन्न सालच्या मार्गशीर्षात पहूरच्या रतिलाल व्यापाऱ्यानं बारा गाड्या कापूस आणला. वरचा कापूस पांढराफेक, कोरडा ठणठणीत. गाडीच्या पोटातल्या कापसावर मात्र पाणी मारलेलं. वजन वाढवायची ही लबाडी खानदेशात पोराटोरांना ठाऊक. म्हणून जिनवाल्यानं कोपरापर्यंत हात खुपसून बघायचं असतं. पण त्या दिवशी शेठकडे मुंबईचे पाहुणे आलेले. अंगावर नवा मलमलचा झब्बा, मनगटाला अत्तर. कोपरापर्यंत हात कोण घालतो! शेठनं वरचा एक पुंजका दोन बोटांत चोळला, डोळे मिटून "अव्वल" म्हणाला आणि माल तोलून घेतला.

आठ दिवसांनी ढिगाचं पुन्हा वजन केलं तर पाच मण कमी. पाणी उडून गेलं होतं, दुसरं काय! पण शेठच्या डोक्यात पाणी आलंच नाही. आल्या त्या बाया. ढिगाशी बसून कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, आणि पाचोळा वेचणाऱ्या चाळीस बाया.

घंटा झाली तसा तो स्वतः फाटकाशी जाऊन उभा राहिला. पहिली बाहेर पडली ती धुरपदाबाई. घरी नातू तापानं फणफणलेला, म्हणून ती घाईत होती. पुढं असणं एवढाच तिचा गुन्हा.

"ए बाई, लुगडा झटक," शेठ म्हणाला.

तिनं पदर झटकला. दिवसभर वेचणाऱ्या बाईच्या ओटीत मूठभर कवडी अडकतेच. ती खाली पडली. दिव्याच्या दोन वाती झाल्या नसत्या, असली घाण. पण शेठनं ती उचलून वर धरली आणि हमाल, गाडीवान, चाळीस बाया, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, "ये देखो! चोर मिल गई! धुरपदा चोर!"

चोर सापडली म्हणून बाकीच्यांना तपासलंच नाही. पाच मण कापूस मुठीमुठीनं न्यायचा तर धुरपदाबाईला आणखी एक जन्म घ्यावा लागला असता, हा हिशेब तिथं एकालाही सुचला नाही. वर शेठ म्हणाला, तुला कामावरून काढत नाही, आमचा मजहब दया शिकवतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशी देणाऱ्यालाच दयाळूपणाचं कौतुक!

तिसऱ्या दिवशी दगडू पिंजाऱ्यानं त्या ढिगात हात घातला. दगडू साठीचा, जिनात यंत्रांना तेलपाणी करायचा. त्याची सारी हयात कापूस पिंजण्यात गेलेली. ढिगाचं पोट गरम लागलं, बाहेर काढलेला कापूस पिवळा पडलेला, कुबट वासाचा. त्यानं तो तसाच गादीवर नेऊन ठेवला. शेठनं बघितलं, ओळखलं आणि दार लोटून घेतलं. "दगडू, चूप बैठ," तो म्हणाला. "गनीनं पाणी विकत घेतलं हे बाजारात कळलं तर लोक मला उभं करतील का?" पिवळा कापूस गाद्या भरणाऱ्यांना परस्पर विकला गेला. शेठची अब्रू वाचली. धुरपदाबाईला अब्रू असते, हे त्या दाराआड कोणाच्या ध्यानातच आलं नाही.

पिंप्राळ्यात तिला आता विहिरीवर लवकर जागा मिळे, कारण ती आली की बाया सरकत. शेतात वेचणीला गेली तर मालकीण म्हणे, धुरपदाबाईचं गाठोडं माझ्यासमोर बांधा. अकरा वर्षं तिच्या मांडीला मांडी लावून कवडी वेचणारी मंजुळाबाई हातभर दूर बसू लागली. काम सोडावं असं धुरपदाबाईला शंभरदा वाटलं. पण सोडलं तर चोरी कबूल केल्यासारखं. म्हणून ती येत राहिली आणि पदर झाडत राहिली. आपलं नाव स्वच्छ व्हावं, यापलीकडे तिला या जिनातून काही नको होतं.

आणि एकोणसाठ साली रमजान ईद झाली तशी बातमी आली, गनीशेठ हजला निघाला!

निघायच्या आधी महिनाभर शेठ लोकांच्या दारोदार फिरू लागला. जाईल तिथं हात जोडी आणि म्हणे, "कहासुना माफ करना." पुढचा म्हणे, "माफ, माफ," आणि सरबत देई. व्यापाऱ्यांकडे गेला, वकिलांकडे गेला, म्युनिसिपालटीत गेला. ज्यांना त्यानं कधी दुखावायची हिंमतच केली नव्हती, त्यांची माफी त्यानं मनापासून मागितली.

मग जिनाची पाळी आली. शेठनं सात-आठ मुसलमान कामगारांना गादीशी बोलावलं, आणि बाकीच्यांसाठी मुनीमाच्या हाती पेढ्याची परात पाठवली. धुरपदाबाईच्या हातावर पेढा पडला तेव्हा गादीकडून आवाज येत होते: माफ, शेठ, माफ. शेवटी दगडूची वेळ आली आणि आवाज थांबला.

"क्यों दगडू?" शेठनं हसत विचारलं.

"मेरा कुछ बाकी नहीं, शेठ," दगडू म्हणाला. "जिसका है उसको पूछो." आणि त्यानं मान वळवून ढिगाशी बसलेल्या बायांकडे पाहिलं. शेठचं हसू ओठावरच वाळलं.

घरी जाताना धुरपदाबाईनं वाटेत दगडूला गाठलं. "नाना, हाई कसानी माफी शे? पेढा वाटतस, माफी मांगतस, आन तुमी तोंड फिराई लिधं?"

"हजले जावाना पहिले बठ्ठासनी माफी लेवा लागस," दगडू म्हणाला. "नमाज चुकनी, रोजा चुकना, ते अल्ला माफ करी टाकस. ते त्यानं सोतानं शे. पन मानूसले दुखाडं, ते त्या मानूसनीच माफ करानं. तठे अल्ला भी मधमा पडत नही."

"मंग माले कसाले सांगतस? मी काय तुमना धरमनी शे?"

"मजूरना धरम कोन इचारस! पैगंबरनी सांगेल शे, मजूर तुमना भाऊ शेतस. तुमी खातस ते त्यासले खावाडा, तुमी नेसतस ते नेसाडा. झेपाव नही इतलं ओझं टाकू नका, आन टाकं ते सोता हात लावा." दगडू थांबला आणि बाजूला थुंकला. "हाई भी त्याच तोंडना बोल शेतस. शेठनी पाटीवर एकच रंगाडी लिधा. तोच सस्ता पडना."

पिंप्राळ्यापर्यंत धुरपदाबाईच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. एवढा मोठा शेठ, एवढी मोठी आगबोट, आणि घोडं अडलंय आपल्या तोंडातल्या एका शब्दापाशी! तिला आनंद झाला असं नाही. किळस आली. पाच महिने हा माणूस चोपडीत तोंड लपवत होता, आणि आता त्याला माफी हवी होती ती तिच्यासाठी नव्हे. स्वतःचं तिकीट पक्कं व्हावं म्हणून.

दोन दिवसांनी शेठाणी टांग्यातून पिंप्राळ्याला आली. बाई साधी होती, तिचा यात दोष नव्हता. तिनं नवंकोरं इरकली लुगडं धुरपदाबाईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, बहन, शेठला माफ केलं म्हणून टाक. ज्या बाईला लुगडं झाडायला लावलं तिला लुगडंच पाठवायचं, ही अक्कल फक्त गनीशेठलाच सुचावी.

धुरपदाबाईनं घडीवर हात फिरवला. "चांगलं शे," ती म्हणाली. "हाई भी फाटकवर झाडी दखाडानं का?"

शेठाणी लुगडं घेऊन परत गेली. शेजारणी मात्र धुरपदाबाईवर तुटून पडल्या. एवढं इरकली घरात येत होतं, एका शब्दानं काय झिजली असतीस? मंजुळाबाई तर म्हणाली, मी असते तर दोन मागितली असती. धुरपदाबाईला वाटलं, हिच्या मांडीला मांडी लावून आपण अकरा वर्षं काढली, धन्य आपली!

मग शेठनं तिला गादीवर बोलावलं. मुनीमाला बाहेर घालवलं, दार लोटलं, तेच दार. पाटीखाली बसून खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, तेरेको कुछ तकलीफ हुई हो तो माफ कर."

"कोनती तकलीफ?"

"जो भी हुई हो."

"शेठ, चोर म्हनात तवय मनं नाव लिसन म्हनात. आते तकलीफले नाव नही का?"

शेठ तांबडालाल झाला. त्यानं वर पाटीकडे बोट दाखवलं. "बारा साल में कभी तेरी मजुरी रुकी? एक दिन भी?"

"नही रुकनी," ती म्हणाली. "मजुरी मनी व्हती, ती दिधी. नाव भी मनंच व्हतं. ते लिधं, ते फिरावा. जठे लिधं तठे. फाटकवर, बठ्ठासना समोर."

हे शेठला शक्य नव्हतं. धुरपदा चोर नाही म्हणायचं तर कापूस गेला कुठं ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर रतिलालनं आपल्याला पाणी विकलं हे कबूल करावं लागणार. जिनवाल्याला कापूस कळत नाही! त्यापेक्षा बाईनं चोर राहिलेलं काय वाईट? अशा वेळी माणूस पळवाट शोधतो. शेठ मशिदीत गेला. तिथले मौलवीसाहेब पाचोऱ्याहून आलेले, हडकुळे, तुटक बोलणारे. दगडू तेव्हा तिथंच नमाजाआधी हातपाय धूत, वजू करत होता, त्यानं सगळं ऐकलं. शेठनं विचारलं, एक बाई आहे, माफ करत नाही. पण ती हिंदू आहे. तेव्हा तिच्या माफीवाचून चालेल ना?

मौलवींनी एवढंच विचारलं, "तिच्यावर जुलूम झाला का?"

"थोडासा," शेठ म्हणाला.

"मग ऐका. आपल्या भरवशावर राहणाऱ्या परधर्मीयावर जो जुलूम करील, त्याच्याविरुद्ध हिशेबाच्या दिवशी मी स्वतः उभा राहीन, असं पैगंबरांनी सांगून ठेवलंय. बाईची बाजू घ्यायला ते आहेत. तुमची घ्यायला कोण येणार, तेवढं बघून ठेवा." आणि मौलवी नमाजाला उभे राहिले.

त्या दिवसापासून शेठचं जेवण तुटलं. गनीशेठला पश्चात्ताप झाला असं कोणी समजू नये. तो घाबरला होता. गिऱ्हाईक फुटलं की तो असाच घाबरायचा, यंदा जरा जास्त.

निघायचा दिवस उजाडला. शेठनं निरोप समारंभ जिनातच ठेवला होता, संध्याकाळच्या घंटेच्या वेळी, म्हणजे कामगार आयते हजर. टांगा फाटकापाशी आणून उभा केला. बाजारपेठ लोटली. सगळ्यात जाड हार घेऊन कोण आलं होतं? पहूरचा रतिलाल! मोगऱ्याचा हार, मध्ये जरीची फुलं. रतिलालनं तो गळ्यात घातला, शेठला कडकडून मिठी मारली आणि म्हणाला, "शेठ, आमच्यासाठी पण दुवा मागा." लाजलज्जा कापसासारखी तोलता आली असती तर रतिलालच्या गाडीत छटाकभर निघाली नसती.

शेठ टांग्यात चढला आणि सगळ्यांकडे हात जोडून म्हणाला, "सब भाई लोग कहासुना माफ करना."

"माफ! माफ!" सगळे ओरडले.

तेवढ्यात घंटा झाली. बाया बाहेर आल्या. त्यांच्यातून धुरपदाबाई पुढं आली आणि घोड्यासमोर, वाटेच्या मधोमध उभी राहिली. रोजच्यासारखा तिनं पदर सोडला, दोन्ही टोकं धरली आणि झाडला. एकदा. दोनदा. आज शेठपाशी चोपडी नव्हती. बघायला दुसरीकडे जागा नव्हती.

"बाई, बाजूला हो, गाडीची वेळ होते," मुनीम खेकसला.

तिनं तिसऱ्यांदा झाडला आणि हलली नाही. लोक कुजबुजायला लागले. दगडू फाटकाला टेकून उभा होता. तो शेठकडे बघत राहिला.

शेठ टांग्यातून उतरला. गळ्यात सात हार, चेहरा कवडीसारखा पडलेला. मार्गशीर्षात जिथं उभा होता तिथंच येऊन उभा राहिला आणि पुटपुटला, "इसने चोरी नहीं की थी."

"त्या दिनले आवाज इतला बारीक नव्हता, शेठ," धुरपदाबाई म्हणाली.

शेठनं गळ्यातले हार बाजूला सारले. मग ओरडला. खरंच ओरडला, कारण हळू बोलला असता तर त्याला रडू आलं असतं. "धुरपदाबाई चोर नहीं है! कपास किसीने नहीं लिया! कपास गीला था! पानी मारा हुआ माल मैंने लिया, मेरेको मालूम नहीं पड़ा! दो दिन में मालूम पड़ा, तो भी मैं चूप बैठा!"

मग मागून एका गाडीवानानं विचारलं, "माल कोना व्हता, शेठ?"

शेठनं नाव घेतलं नाही. पण डोळ्यांना कोण आवरणार! ते सरळ रतिलालवर गेले, आणि त्यांच्या मागोमाग शंभर जणांचे डोळे गेले. रतिलाल घाईघाईनं रुमाल काढून घाम पुसायला लागला. पहिली बाई फिसकन हसली, मग सगळ्या हसल्या, हमाल हसले, सरबत प्यायलेले वकीलसुद्धा हसले. गनीशेठला उभ्या बाजारात पाणी विकलं! जे टाळण्यासाठी त्यानं एका बाईला पाच महिने चोर ठेवलं होतं, ते एका मिनिटात होऊन गेलं. आणि कोणी मेलं नाही, जिनाची चिमणीही पडली नाही.

शेठनं हात जोडले. "अब माफ?"

धुरपदाबाईनं पदर खोचला. तिला वाटलं होतं, हे ऐकलं की छाती भरून येईल. तसं काही झालं नाही. समोरचा माणूस फक्त लहान दिसला.

"माफ," ती म्हणाली. "तुमनं ओझं मी कसाले वाहू? पन शेठ, मक्का भलती दूर शे म्हनतस लोके. गादीपासून फाटक पन्नास पावलं शे. तठे येवाले तुमले पाच महिना लागनात." आणि ती बाजूला झाली.

टांगा गेला. बाया धुरपदाबाईभोवती गोळा झाल्या. आम्हाला आधीपासून ठाऊक होतं गं, तू तशी नाहीस. मंजुळाबाईनं तर गळ्यात हात घातला. धुरपदाबाईनं तो हात काढून हळूच तिच्या मांडीपाशी ठेवला. "तुले ठाऊक व्हतं ना?" ती म्हणाली. "मंग तू माफी मांगानी बाकी शे. तुनं घर मना घरपासून दहा पावलं शे. दखू तुले किती दिन लागतस."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घंटा झाली. बाया निघाल्या तसा मुनीमानं सवयीनं दौतीत डोकं घातलं आणि पदराच्या फडफडाटाची वाट पाहत राहिला. आवाज आला नाही. त्यानं मान वर केली तेव्हा फाटक रिकामं होतं. धुरपदाबाई कधीच पुढं निघून गेली होती.